वैनीच्या वाणातली तक्काळी

माझी वैनी आज सकाळी गेली.

वय झालं होतं. आजार असा काही नव्हता. कालच फोनवर विचारत होती, तुझ्या बाल्कनीतली रोपं वर आली का. नाही म्हटलं, तर म्हणाली, पाणी कमी घाल.

इथल्या बऱ्याच जणांना ती माहीत नाही, म्हणून थोडं लिहिते.

साठ सालच्या आसपास. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. वैनी तिरुवैयारूहून लग्न होऊन आलेली. मी तिची नणंद, कॉलेजात जाणारी.

घरामागं कोल्लै, म्हणजे परसू. तिथं विहिरीजवळ गावठी तक्काळीची एक ओळ. टोमॅटोला आमच्या घरात तमिळ नावच होतं. चपटी, चुण्या पडलेली, चांगलीच आंबट.

दादाच्या ऑफिसातला एक मित्र ट्रेनिंगला परदेशी जाऊन आला. त्यानं बियांचं पाकीट दिलं. वर ‘हायब्रिड’ छापलेलं. आम्हाला वाटलं, ते गावाचं नाव.

फळं अशी आली की शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावायला लागल्या. गोल, लालबुंद, सगळी एका मापाची.

घरची रीत होती. पहिलं पिकलेलं फळ खायचं नाही, ते बियाण्याचं. वैनीनं तेच केलं. बी राखेत घोळून, वाळवून ठेवलं.

त्या संक्रांतीला आईनं पहिल्यांदाच हळदीकुंकवाचं वाण तिच्यावर सोपवलं. बायका फण्या द्यायच्या, आरसे द्यायच्या. वैनीनं करवंट्यांत रोपं लावून दिली. गल्लीतल्या प्रत्येक घरी एक.

पाडव्याच्या सुमारास फळं धरली.

कुणाकडे पिवळी.
कुणाकडे बोराएवढी.
कुणाकडे लांबट, आतून पोकळ.

समोरची सोनाकाकू दारातूनच म्हणाली, "वाण दिलंस गे, की लॉटरी?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. दिलेलं वाण परत मागता येत नाही, आणि ते वाईट निघालं तर नाव घराचं जातं. पुढच्या वर्षी फण्याच आणायच्या आणि वाण मीच देणार, असं तिनं जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

वैनी वाढत होती. वाढत राहिली. तोंड मात्र उतरलं होतं.

तो मित्र पुन्हा घरी आला, तेव्हा दादानं त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, हायब्रिडचं बी धरायचंच नसतं, पुढच्या पिढीत सगळं वेगवेगळं फुटून निघतं. दरवर्षी नवं पाकीट घ्यायचं.

वैनी दारात उभी होती. म्हणाली, "मग ते झाड आमचं कधी व्हायचं?"

त्यानं कॉफी संपवली.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन घरोघर गेली. प्रत्येकीकडे एक पिकलं फळ मागितलं. स्वयंपाकघरात ओळीनं मांडून चिरली. मीठ लावून एक फोड तिला, एक मला. बहुतेक फोडींना आम्ही तोंडं वाकडी केली.

एका फोडीला ती थांबली. गोल फळ, पातळ साल, सारात हवी तेवढी आंबट.

ते सोनाकाकूकडचं होतं.

"अस्की, सगळी ओरड हिची, आणि बेस झाड पण हिचंच," वैनी म्हणाली. आम्हाला हसू आवरेना.

त्याच फळाचं बी धरलं. पुढच्या हंगामात कोल्लैत लावलं. पुन्हा काही झाडं भलतीच निघाली. ती तिनं उपटली. राहिलेली सोनाकाकूच्या झाडासारखी होती.

आई विहिरीवर जाता-येता बघायची.

एक दिवस तिनं स्वतःच फळं तोडून आणली आणि सार केलं. दादानं पुन्हा मागून घेतलं. आईनंही घेतलं.

संक्रांत जवळ आली, तरी बाजारातून फण्या आल्या नाहीत. आई मागच्या दारी बसून करवंट्या घासत होती. मान वर न करता म्हणाली, "रोपं पुरतील न गे? सोनाला दोन ठेव."

पुढं वैनी दरवर्षी निवडत राहिली. काही वर्षांनी भलतं झाड निघेनासं झालं. विहिरीजवळची गावठी ओळही तिनं तशीच राखली.

आज तिची तक्काळी त्या गल्लीत आहे, चेन्नईत आहे, भाचीच्या न्यू जर्सीतल्या कुंडीत आहे. तिला कुणी नाव ठेवलंच नाही. बी मागताना सगळे "वैनीची दे" एवढंच म्हणतात.

या संक्रांतीला वाण तिची सून देईल. रोपं तयार आहेत.

आमच्या घरात निघणाऱ्याला नुसतं ‘जा’ म्हणत नाहीत.

जाऊन ये, वैनी.