हात वर करण्याआधी

हैद्राबाद राज्य मोडून आपला भाग मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास अणदूरला खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा पंच बब्रुवान असे. सडकेच्या कामावर खडी फोडणारा माणूस. त्याचा हात झटकन वर जाई आणि लोकांना तेच आवडे. हात वर झाला की हलगी कडाडे, माणसं आत घुसून जिंकलेल्याला खांद्यावर घेत. मग निकाल फिरत नसे.

एका साली तेरचा बलभीम खाली आला. लोक ओरडले, "पडला!" बब्रुवानाचा हात वर गेला. बलभीम अजून मानेवर पूल करून होता, खांदे मातीला लागलेच नव्हते. गर्दी ओसरल्यावर तो पंचासमोर आला.

"म्या पडलो न्हाय. तुमी पाडलं मला."

बब्रुवान थेट गावच्या तालमीच्या हणमंतप्पा वस्तादाकडं गेला.

"वस्ताद, डोळं उघडं होतं माझं."

"व्हतं. पण हात लोकांचं ऐकून गेला. खांदं टेकल्यालं बघ, एक श्वास सोड, मग हात उचल."

"तेवढ्यात मान मोडली तर?"

"म्हणून एकच श्वास. सोपं असतं तर पंच म्हणून म्या माझा रेडा उभा केला असता."

वर्षभर खडी फोडून आला की बब्रुवान तालमीत उभा राही. उजवं मनगट डाव्या हातानं पाठीमागं धरलेलं. पोरं पडत. बघायचं, श्वास सोडायचा, मग मनगट सोडायचं. मनगट आधी सुटलं की वस्तादाची काठी बसे. पुढं पुढं त्याला फारच उशीर होऊ लागला.

"मामा, आमी घरी जाऊन जेवून आलो. सांगा आता, कोण पडलं?" पोरं म्हणत.

तोही उशीर त्यानं घासून घासून काढला. यात्रेच्या आदल्या दिवशी वस्तादाला म्हणाला, "उद्या चुकलो तर पुन्हा फडात पाय ठेवणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी बलभीम आला होता. बब्रुवान त्याला म्हणाला, "पंच मीच हाय. नको असलो तर बाजूला होतो."

बलभीमानं मूठभर माती उचलून अंगाला लावली. "ऱ्हावा," म्हणाला.

कुस्ती बराच वेळ चालली आणि बलभीम पुन्हा मानेवर आला. "पडला! पडला!" बब्रुवान मातीत पालथा झाला. दोन्ही खांद्यांखाली उजेड दिसत होता.

"ओ पंच, झोप लागली का?"

बलभीमाची मान थरथरत होती, तोंड काळंनिळं पडलं होतं. उजवा खांदा टेकला. डावा वरच. मग डावाही टेकला. बब्रुवानानं श्वास सोडला, हात वर केला.

हलगी कडाडली. लोक जिंकलेल्याला घेऊन गेले. बलभीम उठून बसला, पण त्याची मान वळेना.

"उशीर केला का रं म्या?"

"न्हाय. पडलो, मग हात गेला. बघत व्हतो म्या."

बब्रुवानानं त्याला दंडाला धरून मोटारीपर्यंत नेलं. बलभीमाला खाली बघता येईना. बब्रुवानानं वाकून त्याचा पाय उचलला आणि पायरीवर ठेवला.