पहिल्या पानावरची सही

१५ मे २००५, रविवार. रक्कम पाच हजार डॉलर. हजर तिघे: माझा कॉलेजपासूनचा मित्र, शेजारचे काका आणि मी. काका निवृत्त होऊन नागपूरहून इथे अमेरिकेत, बॉथेलला मुलाकडे आले होते. आमच्याच डायनिंग टेबलावर त्यांनी मित्राच्या कंपनीच्या नावाने गुंतवणुकीचा चेक लिहिला.

"तुमची सही पाहिली, म्हणून देतोय," ते मला म्हणाले. मला वाटलं, माझ्या मोजणीची दोन्ही पानं पाहिली असतील. विचारलं मात्र नाही.

मित्राची कंपनी प्रकाशाने माहिती साठवायच्या खटपटीत होती. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डीएनएत चमकणारा रंग मिसळून काचेवर पातळ थर द्यायचा, लेझरने त्यावर ठिपके उमटवायचे आणि हिरव्या प्रकाशात ते वाचायचे.

"तू मोजून दे यार," तो मार्चमध्ये म्हणाला होता. "तुझ्या आकड्यांवर तुझी बायकोसुद्धा शंका घेत नाही."

"घेते. बोलत नाही एवढंच."

एक अख्खा शनिवार मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. उमटवलेले ठिपके चारशे. पहिल्या वाचनात चारशेच्या चारशे दिसले. दहाव्या वाचनात दोनशे एकसष्ट. ज्या प्रकाशाने वाचायचं, तोच रंग विटवत होता. पहिलं वाचन एका पानावर लिहिलं, दहावं दुसऱ्यावर, आणि सवयीप्रमाणे प्रत्येक पानाखाली वेगळी सही केली.

दीड वर्षाने कंपनी बंद झाली. काका हातात कागद घेऊन आले. "यात तर सगळे ठिपके दिसले होते ना?" कागद एकच होता, पहिला.

मी मित्राला फोन लावला.

"तू त्यात खोटं लिहिलं होतंस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मीही खोटं दाखवलं नाही. पान पुरं होतं, खाली तुझी सही होती."

एकच सही शेवटी केली असती, तर पहिलं पान एकटं कुणापुढे ठेवता आलं नसतं. वीस वर्षांच्या ओळखीत माझी ही सवय त्याला पाठ होती.

मी माझ्याकडचे पैसे देऊ केले, पण काका घेईनात. "हे तुमच्या मित्राने द्यायचे."

"त्याला तुम्ही ओळखत नव्हतात, काका. मला ओळखत होतात."

३ मार्च २००७ रोजी त्यांनी चेक घेतला. काकांना पाच हजार डॉलर, माझ्या खात्यातून. मित्राकडून काही नाही.