वर्नाचा सिनेमाचा पास

वाळवंटातल्या फिनिक्स शहरात, आमच्या गल्लीत वर्ना हॉलस्टेड एकटी राहायची. उभा जन्म शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, पंचाहत्तरीची काटक बाई. त्या जूनमध्ये तिने मॉलमधल्या थिएटरचा पास काढला. महिन्याला पंचवीस डॉलर भरायचे आणि हवे तितके सिनेमे बघायचे. सकाळच्या पहिल्या खेळाला ती आपली जुनी गाडी घेऊन जायची, ती दिवस मावळल्यावरच परतायची.

गल्लीत चेष्टा सुरू झाली. भुतांचे, मारामारीचे, पोराटोरांचे, काहीही चालतं म्हणे हिला. तिचा मुलगा ड्वेन डेन्व्हरला असतो, आईचं बँकेचं तोच बघतो. त्याने मला फोन केला. इतके सिनेमे कोण बघतं, असले पास म्हणजे लोकांना गंडवायचे धंदे, आई म्हातारपणी बहकली तर नाही ना, असं त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, तूच येऊन बघ.

जुलैमध्ये एका दुपारी तो न कळवता आला. वर्ना थिएटरात होती. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून आम्ही दोघं गेलो. दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ अंगावर आली. ड्वेन मागेच सरकला.

आत जाऊन त्याने एसीचं बटण दाबून पाहिलं. एसी सुरूच झाला नाही. टेबलावरची मेणबत्ती कमरेतून वाकून आडवी झाली होती. न्हाणीघरातल्या टबमध्ये एक उशी होती आणि ओली चादर. बाई रात्री तिथे निजत होती.

ड्वेन टबच्या काठावर बसला. आमच्या दोन घरांत एक कुंपण, आणि मला पत्ता नाही. आदल्याच आठवड्यात पलीकडच्या रस्त्यावरचे एक म्हातारे गृहस्थ बंद घरात उष्म्याने मरून पडलेले सापडले होते.

आम्ही तसेच थिएटरवर गेलो. आत वर्ना मागच्या बाजूला, अंगात स्वेटर घालून गाढ झोपलेली होती. पडद्यावर गाड्या एकमेकींवर आदळत होत्या. ड्वेनने खांद्याला हात लावला तशी ती दचकून जागी झाली.

"एसी कधी बंद पडला, आई?"

तिने आधी खुर्ची सरळ केली. मग म्हणाली, "मे महिन्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझी नोकरी गेलेली. नवा बसवायचा तर सात-आठ हजार. तू कुठूनतरी कर्ज काढलं असतंस. इथे पंचवीस डॉलरमध्ये महिनाभर गारवा मिळतो. खुर्चीही मागे होते."

पुढच्या रांगेतून कुणीतरी आम्हाला गप्प बसायला सांगितलं. ड्वेन तिथेच, पायऱ्यांवर, तोंड झाकून रडला.

त्या दिवसापासून वर्ना माझ्याकडे राहिली. ड्वेनने आपली मासेमारीची होडी विकली आणि ऑगस्ट उजाडायच्या आत तिच्या घरी नवा एसी बसवला. मग तो पास बंद करायला म्हणून फोन काढून बसला. वर्नाने त्याचा हात धरला.

"राहू दे रे. एवढे सिनेमे पाहिले, पण एकाचाही शेवट मला माहीत नाही. डोळा लागायचा."

ड्वेनने फोन खिशात ठेवला. ती हसत होती. आम्हा दोघांना काही हसू आलं नाही.