गुळणीचा हुतूतू

खरं तर हे बाहेर सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलेलं आहे. "शाळेतलं शाळेत राहू दे. लोकांना हसायला आयतं निमित्त नको."

शाळा म्हणजे मी शिकते ती नव्हे. माझे वडील, आप्पा, जिथे कसरत शिकवतात ती. कर्जतला भाताच्या गिरणीमागे एका जुन्या गोदामात ती भरते. तिथली सगळी मुलं मुकी-बहिरी आहेत. ती तिथेच राहतात आणि आम्हीही मागच्या दोन खोल्यांत राहतो. त्यामुळे किस्से न बोलावता घरात येतात. एक कुणाला सांगावा म्हणते, तोवर दुसरा हजर! आता इतके साठलेत की पोटात राहणं कठीण झालंय. आणि हसण्याचंच म्हणाल, तर सगळ्यांत जास्त ती मुलंच हसतात.

मला स्वतःला चारचौघांत बोलायची फार लाज वाटते. माझ्या शाळेत बाई रोज म्हणतात, "कुसुम, मोठ्यानं!" गोदामात असं कुणीच म्हणत नाही. मला तिथे फार बरं वाटतं.

*

आप्पा आधी हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. इथे आले त्या पहिल्या सकाळी त्यांनी मुलं रांगेत उभी केली आणि सवयीनं शिट्टी फुंकली. कुणी हललं नाही. त्यांनी आणखी जोरात फुंकली. मान लाल झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या. मुलं मोठ्या आदरानं बघत होती.

मग पुढच्या रांगेतल्या बंडूनं दोन बोटं ओठांवर ठेवली, गाल फुगवले आणि डोळे वटारले. त्याचं बघून शेजारच्यानं तेच केलं. पाहता पाहता अख्खी रांग गाल फुगवून उभी!

आप्पा भडकले. "पहिल्याच दिवशी मास्तरांची चेष्टा?"

आमच्या हेडमिस्ट्रेस, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या पायरीवर उभ्या होत्या. "चेष्टा नाही हो मास्तर," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटलं, हीच कसरत!"

*

दुसऱ्या दिवशी आप्पांनी शिट्टी खुंटीला अडकवली आणि ढोल आणला. गोदामाची जमीन लाकडी फळ्यांची आहे. त्यांनी ढोल फळ्यांवर टेकवला, मुलांना अनवाणी उभं केलं आणि टिपरू हाणलं. ठोका तळपायातून वर चढला. एका मुलीनं तर दचकून पाय उचलून खाली काय आहे ते बघितलं! महिन्याभरात मुलं त्या ठोक्यावर लेझीम खेळू लागली, तीही अशी की एक हात मागेपुढे नाही. रडकी मुलंही ढोल दिसला की पायांतल्या वहाणा काढून उभी राहत.

शेजारचा गिरणीवाला मात्र एका सकाळी कानाला फडकं बांधून आला. "मास्तर, तुमच्या पोरांचं बरं हाय वो! ऐकू आमाला येतं!"

*

शाळेत एक नियम आहे. राग आला, रडू आलं, तर आधी पळायचं. फाटकाजवळच्या चिंचेला हात लावून यायचं आणि मग काय झालं ते खुणेनं सांगायचं. पळून आलं की निम्मा राग चिंचेपाशीच राहतो, असं आप्पांचं म्हणणं.

बंडूला मात्र रोज एकाच वेळी राग येऊ लागला. गणिताचा तास सुरू झाला की तो भुवया चढवायचा आणि चिंचेकडे सुटायचा. तिथून येताना चालत, झाडावरच्या चिंचा बघत, गिरणीवाल्याच्या बैलाला खाजवत यायचा. आल्यावर खूण करायचा, 'अजून थोडा राग शिल्लक आहे,' आणि पुन्हा सुटायचा!

पुढच्या दिवशी बंडू रागावून चिंचेपाशी पोचला, तर खोडाला आप्पांनी पाटी टांगलेली. पाटीवर भागाकार!

*

रागावलेल्या मोठ्या मुलींना मोठ्या बाई मुसळ देत. भात कांडून झालं की हात दुखतात आणि मन हलकं होतं.

एकदा श्रावणात पावसानं उसंत दिली नाही. मैदानात चिखल, म्हणून कसरत बंद. पोरं गोदामात कोंडलेली. कुणी कुणाची पाटी फोडली, कुणी वेणी ओढली, आणि जी ती मुसळाकडे! संध्याकाळी स्वयंपाकाच्या ठकूबाईनं सूप पाखडलं आणि तोंडाला पदर लावला. "बाई, अख्खा दाना नाय ह्यात! आज समद्यांनाच राग आलता का वो?"

रात्री आम्ही सगळ्यांनी कण्यांची पेज प्यायली. मोठ्या बाई वाटी खाली ठेवून आप्पांना म्हणाल्या, "मास्तर, उद्या चिखल असो की काही असो, मुलांना बाहेर काढा. रेशनच्या दिवसांत तांदूळ फोडण्यापेक्षा कपडे धुणं परवडेल."

*

आता गोदीचं सांगते. गोदी लोधिवलीची, साधारण माझ्याच वयाची. तिचे वडील तिला घेऊन आले तेव्हा तिच्या मनगटाला दोरी होती आणि दुसरं टोक त्यांच्या हातात.

"पोर वाईट नाय, मास्तर," ते म्हणाले. "पन हाक ऐकू येत नाय, नि येकदम विहिरीकडं धावती. आमी शेतावर जातो तवा दाव्याला बांधून जातो. काय करनार? हितं बी बांधता का?"

"नाही," आप्पा म्हणाले. "इथं पळायला लावतो."

तिच्या वडिलांनी ती दोरी सोडली, स्वतःच्या कमरेला गुंडाळली आणि मागे न बघता गेले.

गोदी धावायला सगळ्यांच्या पुढे होती. पण कुणी अचानक मागून धरलं की ती चावायची. ठकूबाईला चावली, बंडूला चावली, आप्पांनाही चावली. ही बातमी खालापूरला सेक्रेटरीसाहेबांपर्यंत गेली. ते शाळेच्या कमिटीचे. पेट्रोल मिळेना म्हणून बैलांची दमणी जोडून आले आणि उभ्यानंच बोलले. "मुलांना अक्षरं शिकवा म्हणून आम्ही शाळा काढली. तुम्ही पळवताय काय, नाचवताय काय! ही मुलगी आणखी एकदा चावली, की हिला घरी पाठवायची. ऐकताय ना मास्तर?"

घरी म्हणजे पुन्हा दाव्याला. आमच्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही.

*

गोदीला हुतूतू खेळायचा होता. खिडकीतून गिरणीची पोरं खेळताना ती रोज बघायची. पण हुतूतूत दम घ्यावा लागतो, तोंडानं सारखं 'हुतूतूतू' म्हणत चढाई करावी लागते. ही मुलं दम कसा घेणार? आणि त्यात पकडापकडी! म्हणजे गोदी चावणारच.

आप्पा दोन दिवस फाटकापाशी उभे राहून गिरणीच्या पोरांचा खेळ बघत होते. तिसऱ्या दिवशी दात घासताना गुळणी टाकायची विसरले आणि तसेच माझ्याकडे बघत उभे राहिले. मग फुर्रकन पाणी टाकून म्हणाले, "कुसुम, सापडलं!"

नियम असा ठरला. चढाई करणाऱ्यानं तोंडात पाणी धरायचं. मधल्या रेघेवर परत आलं की सगळ्यांसमोर गुळणी टाकून दाखवायची. पाणी सांडलं, गिळलं, हसू फुटलं, की बाद! पाणी देण्याचं काम माझं.

आईनं विचारलं, "आणि चावण्याचं?"

"अगं, तोंड भरलेलं असताना चावेल कशी?"

"आणि तोंड रिकामं झालं की?"

आप्पांनी तांब्या उचलला आणि पुन्हा तोंडात पाणी भरलं.

*

मग सामना ठरला. आमच्या गोदामातल्या मुली विरुद्ध माझ्या शाळेतल्या मुली, नियम गुळणीचाच. सेक्रेटरीसाहेब मुद्दाम बघायला आले. नीट दिसावं म्हणून त्यांनी खुर्ची मधल्या रेघेच्या टोकालाच मांडून घेतली.

माझ्या शाळेच्या मुली आल्या त्या ऐटीत. पण चढाईला निघाल्या की पलीकडून बंडूच्या बहिणीनं, तीही आमच्याच गोदामातली, नुसतं नाक मुरडलं तरी यांना हसू फुटे. एक तर पाणी तोंडात घेऊन "बाई, ही बघा ना!" म्हणाली, आणि पोलकं भिजवून बाद झाली! आमच्या मुलींचे गाल दगडासारखे. शेवटी दोन्हीकडे गुण सारखे झाले आणि चढाई आली गोदीची.

मी तिच्या तोंडात तांब्यानं पाणी ओतलं.

ती गेली, एकीला शिवली आणि वळली. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या धिप्पाड सुशीनं तिला मागून धरलं. अचानक, मागून! आणि हात घातला तो गळ्याभोवती, अगदी गोदीच्या तोंडाशी. आणखी दोघी कमरेला लटकल्या. गोदीचा चेहरा काळानिळा झाला. तिनं त्या हाताकडे पाहिलं. आप्पांनी डोळे मिटले. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

गोदीचे गाल तसेच फुगलेले राहिले. तिनं तिघींना ओढत, फरफटत रेघेकडे आणलं, पाय रेघेवर टाकला आणि मान जेमतेम वर करून गुळणी टाकली. ती सगळी सेक्रेटरीसाहेबांच्या तोंडावर!

मैदानात मुकं कोण आणि बोलकं कोण, तेच कळेना.

साहेबांनी चष्मा काढला. मिशांवरून पाणी टपकत होतं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी सावकाश तोंड पुसलं.

"मास्तर," ते म्हणाले, "गुळणी पुरती भरलेली होती. गुण द्या."

आप्पांनी भीत भीत विचारलं, "साहेब, आणि तिला घरी पाठवायचं ते...?"

"घरी? पुढल्या महिन्यात आमच्या खालापूरच्या मुलींशी सामना लावतोय मी! हिला कॅप्टन करून आणा."

गोदीला यातलं काही कळलं नव्हतं. ती साहेबांच्या ओल्या मिशांकडे बघत होती. साहेबांनी तिला जवळ बोलावलं, तिनं माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि साहेबांच्या पुढे धरला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, तांब्या तोंडाला लावला, गाल फुगवले, धोतर खोचलं आणि—

थांबा हं, आप्पा मैदानातून हाक मारताहेत; आजचा सराव सुरू व्हायचाय.

"कुसुम! अगं तांब्या कुठे ठेवलास? गोदी केव्हाची तोंड उघडून उभी आहे!"