मोहोळला जाऊन आलेला रांजण

शनिवारी सकाळी सोलापूरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कच्चा रांजण होता. कच्चा म्हणजे नुसता वाळलेला, न भाजलेला. पाणी लागलं तर विरघळेल आणि कोपर लागलं तर फुटेल असा. दोन घागरी पाणी मावेल एवढं त्याचं पोट. तो मोहोळच्या पुढच्या एका गावात भाजून रविवारी परत आणायचा होता, कारण सोमवारी नवी पेठेत फ्रिज येणार होता.

फ्रिजचं आधी सांगते. नवी पेठेच्या एका कोपऱ्यावर पाणपोई होती. ती काढली आणि तिथे दुचाक्या लावल्या. कुणी ब्र काढला नाही. म्हणजे गाडीला सावली, आणि हातगाडी ओढणाऱ्यानं या उन्हात घोटभर पाण्यासाठी बाटली विकत घ्यायची! हे मी पत्रकात लिहिलं, चौकात ओरडून सांगितलं. मग गेल्या उन्हाळ्यात स्वतःच रांजण घडवला आणि एका कापड दुकानाच्या पायरीवर ठेवला. दुकानाचे मालक आप्पा घरी कानडी बोलतात आणि मला ‘तंगी’ (धाकटी बहीण) म्हणतात. आठवड्याभरात म्हणाले, “तंगी, तुझं पाणी अंघोळीला बरं हाय. प्यायला न्हाय.”

खरंच कोमट होतं. पत्रकं लिहिणाऱ्याला मोकळी जागा बघवत नाही. मी रांजणाला चहूबाजूंनी ऑइलपेंटनं घोषणा रंगवल्या होत्या. रंगानं मातीची छिद्रं बुजली, रांजण पाझरेना, पाणी गार होईना. लोक घोषणा वाचायचे, मान डोलवायचे आणि समोर जाऊन बाटली घ्यायचे. यंदा आप्पांनी सरळ सांगितलं की एक जण बाटल्यांच्या फ्रिजसाठी पायरीचं भाडं द्यायला तयार आहे. “सोमवारी फ्रिज येताना तुझं पाणी गार असलं तर पायरी तुझी. नसलं तर पुन्यांदा भाषण करायचं न्हाय.”

“ओ ताई, ते खाली ठेवा की,” कंडक्टर म्हणाला.

“खाली ठेवलं तर फुटेल.”

“मग त्याचं हाफ तिकीट काढा.”

शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी माझ्याकडे, मग माझ्या मिठीतल्या रांजणाकडे पाहिलं. “राहू द्या की वो. सातवा म्हयना हाय तिला!”

अख्खी गाडी हसली. मीही हसले. पण पुढचा गतिरोधक आला तेव्हा मावशींनी न सांगता पलीकडून रांजणाला हात लावला, आणि तो हात मोहोळपर्यंत काढला नाही.

बाहेर ज्वारी काढून झालेली रानं, मधूनच हिरवी बाभळ आणि डोळे दिपवणारं पांढरं आभाळ. या रस्त्यानं मी किती वर्षं मडकी नेते आहे! कॉलेजात असताना एका शिबिरात मातीला हात लावला, तो सुटला नाही. चळवळीतले मित्र अजून टोमणे मारतात, “क्रांती सोडून मडकी कसली करतेस?” मी म्हणते, मोर्चा संध्याकाळी पांगतो, मडकं घरी राहतं. या छंदापायी मी वरातीच्या घोडेवाल्यांशी ओळखी वाढवल्या आहेत. मातीत मिसळायला घोड्याची लीद लागते आणि शहरात टांगे उरले नाहीत. लग्नसराईत लोक नवरदेव बघतात, मी घोडा बघते. पण लहान मडकी जमली तरी रांजण हुलकावणी देत राहिला. दुचाकीवरून नेताना दोन फुटले. एक भट्टीत गेला. एक मीच रंगवून मारला.

मोहोळहून टमटमनं गावात पोचले. भट्टी मालनकाकूंची आहे. आवाज असा की शेतापलीकडचा माणूस मागे वळून बघतो.

“आलीस व्हय गं? दाव.” त्यांनी रांजण बोटानं वाजवला. “बूड ओलं हाय अजून. उनात ठेव, फिरवत ऱ्हा. आनि औंदा काय लिवलं न्हाईस त्येच्यावर? आजारी हायस का काय?”

“रंग आणलाय पिशवीत.”

“मग तो तितंच ऱ्हाऊ दे.”

दुपारभर मी रांजण उन्हात फिरवला. काकूंनी भाकरीबरोबर माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट कढी) दिलं. ते पिऊन नाकातून पाणी आलं. मग आवा (उघड्यावरची भट्टी) रचला: खाली गोवऱ्या, मध्ये मडकी, वर पाचट आणि राख. ऊन उतरल्यावर काकूंनी जाळ लावला. थोड्या वेळानं आतून फट्ट असा आवाज आला.

“कुणाचं गेलं?” मी विचारलं.

“आता काय वाकून बघतीस? उद्या कळंल की.”

सकाळी राख बाजूला सारली. फुटली होती ती काकूंची घागर. माझा रांजण लालभडक, सगळा शाबूत. फक्त पोटावर एका बाजूला धुराचा काळा डाग.

“घागर तुमची गेली,” मी म्हणाले.

“जाती की. तुज्या रांजनाला बघ, तीट लागलीया. आता न्हाय दिष्ट लागायची.”

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा होता. त्यानं लगेजचं तिकीट फाडलं आणि मी वाद घातला नाही. माझ्या ओळखीचे लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत.

रविवारी दुपारी रांजण पायरीवर वाळूत बसवला, भरला, आणि ते मातकट पाणी संध्याकाळी ओतून पुन्हा भरला. सोमवारी सकाळी गेले तर त्याला घाम फुटलेला. आप्पांनी बाहेरून तळवा लावून पाहिला. तेवढ्यात टेम्पो आला. दोघा हमालांनी फ्रिज उतरवला, पायरीपर्यंत आणला आणि धापा टाकत टेकवला. त्यातल्या एकानं इकडेतिकडे पाहिलं, रांजणातून पेला भरून घटाघटा प्यायला, दुसऱ्याला दिला.

“लई गार हाय की वो, आप्पा! ह्यो फ्रिज कुटं ठेवायचा?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

“पायरी दिलीया तिला. परत न्या त्यो,” आप्पा म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, “तंगी, झाकण आण. आनि पेला साखळीनं बांध, न्हायतर तुझी चळवळ कुनीतरी उचलून नेतंय.”

पेला बांधला आहे. रंगाचा डबा घरी, न उघडलेला. गेल्या वर्षी जिथे घोषणा होती, तिथे यंदा तीट आहे, आणि येणारे लोक आता वाचायला थांबत नाहीत, पाणी पितात. दुचाक्यांचा कोपरा मात्र मी विसरलेले नाही. दुसऱ्या रांजणाची माती भिजत घातली आहे, आणि तो तिथेच बसणार आहे.