दोन पांढऱ्यांच्या मधला सूर

तेरमध्ये पेटी दुरुस्त करणारे आता एकटे कोंडीराम नानाच उरले आहेत. आमचं घर त्यांच्या समोर, मध्ये फक्त गल्ली. 'येथे हार्मोनियम दुरुस्त करून मिळेल' ही त्यांच्या दारावरची पाटी मी शाळेत जायच्या आधीपासून पाहते आहे. आता ती वाचायला अगदी जवळ जावं लागतं, आणि तेवढं जवळ जाणारं फारसं कुणी नाही.

नाना एकाहत्तर वर्षांचे आहेत. सकाळी दार उघडतात, ओसरीवर सतरंजी टाकतात आणि एखादी उघडी पेटी पुढ्यात घेऊन बसतात. गेली दोन वर्षं ती बहुतेक वेळा त्यांची स्वतःचीच असते. काम नसलं तरी ती उघडायची, पुसायची, बंद करायची.

पेटीच्या पोटात प्रत्येक पट्टीखाली पितळेची पातळ जीभ असते. भात्याची हवा लागली की ती थरथरते. त्या जिभेलाही नाना सूरच म्हणतात. टोकाला कानशीनं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, त्यामुळं मी एकदा त्यांना उत्साहानं समजावून सांगितलं होतं, टोकाचं वजन कमी झालं की कंपनं कशी वाढतात ते.

"व्हय," नाना म्हणाले. "पर घासलेलं पितळ पुन्हा भरता येत न्हाय, ते तुमच्या पुस्तकात लिव्हलंय का?"

नानांची बायको धुरपदाबाई. मी त्यांना काकू म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा आवाज कुठंच नोंदलेला नाही. एका लग्नाच्या व्हिडिओत त्या मांडवात बसून काहीतरी गाताना दिसतात, पण त्यांच्या आवाजावर बँड वाजतो आहे.

काकू जात्यावरच्या ओव्या गायच्या. गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, ओव्या गेल्या नाहीत. ज्वारी पाखडताना, मेथी निवडताना त्या गातच राहिल्या. त्यांचा सा म्हणजे पेटीची काळी चार, चौथी काळी पट्टी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एका सुरावर त्या थांबायच्या, आणि तो सूर पेटीत नव्हता. पांढरी सात दाबली तर कमी पडायचा, पुढच्या सप्तकाची पांढरी एक दाबली तर जास्त व्हायचा. या दोन पांढऱ्यांच्या मध्ये काळी पट्टीसुद्धा नसते. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात नानांच्या कानानं हे धरलं होतं.

"तुझा सूर माझ्या पेटीत बसत न्हाय," ते काकूंना म्हणाले होते.

"मंग पेटी मोठी करा," काकू म्हणाल्या होत्या.

ही गोष्ट नाना सांगतात तेव्हा हसतात. पण काकू होत्या तोवर त्यांनी पेटी मोठी केली नाही. घरात सूर रोज ऐकू येत होता, तो पितळात कशाला करायचा? काकू गेल्यावर काही महिन्यांनी त्यांना एक दिवस तो आठवेना. मग दुपारी अचानक आठवला. त्याच दिवशी ते कानस घेऊन बसले.

सूर तयार झाला, पण बरोबर झाला की नाही हे विचारायचं कुणाला? गेल्या आषाढात त्यांनी एक वेडेपणा केला. भजनी मंडळाची पेटी चाळीस वर्षं त्यांच्याच हाताखालची. ती दुरुस्तीला आली तेव्हा पांढरी सातचा मूळ सूर काढून त्यांनी तिथं आपला बसवला. त्यांचा हिशोब सरळ होता. काकूंबरोबर मेथी निवडायला बसलेल्या, काकूंचं गाणं ऐकलेल्या तीन-चार बायका भजनाला येतात. पेटीतून तो सूर निघाला की एखादी तरी मान वर करेल.

एकादशीला वैजनाथ पेटीवर होते. मंडळाचे प्रमुख तेच. दुसऱ्याच अभंगाला त्यांचा हात अडखळला.

"नाना, पेटीला सर्दी झाली का काय?"

"न्हाय. पुन्हा दाबा."

वैजनाथांनी दाबली. मंडळी हसली. नाना बायकांच्या बाजूला बघत होते. एक जण नातवाच्या टोपीची नाडी बांधत होती, दुसरी टाळ शोधत होती. "नाना थकलं बरं का आता," मागून कुणीतरी म्हणालं, तेही मायेनंच.

दुसऱ्या दिवशी नानांनी मूळ सूर परत बसवून दिला. महिन्याभरानं मंडळानं कीबोर्ड आणला. वैजनाथ मुद्दाम सांगायला आले. "तुमच्यामुळं न्हाय हां नाना. पोरांना त्येच वाजवाया येतं." नानांनी त्यांना चहा केला. साखर घालायची राहिली, आणि वैजनाथांनी तसाच पिऊन टाकला.

काढलेला सूर नानांनी एका लहान लाकडी पेटीत बसवला. एक भाता, एक सूर, पट्टी नाही. भाता दाबला की वाजणार, सोडला की थांबणार. या दिवाळीत मी पुण्याहून महिनाभर घरी होते, इथूनच काम करत होते. रोज दुपारी समोरून तो एकच आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. तिसऱ्या दिवशी मी गेले आणि कंपनं मोजणारं ॲप लावून त्यांच्या पेटीपुढं फोन धरला. सेकंदाला दोनशे चोपन्न कंपनं. पांढरी सात दोनशे सत्तेचाळीसची, पांढरी एक दोनशे बासष्टची. नुसत्या कानानं आणि कानशीनं त्यांनी जवळजवळ बरोब्बर मध्य गाठला होता.

त्या रात्री मी शोधत बसले की बारा सुरांच्या मधले सूर वाद्यात बसवण्याचा असा नाद आणखी कुणाला होता. आपल्याकडच्या श्रुतींबद्दल पुष्कळ सापडलं. पण मी अडकले मेक्सिकोत, आणि एका संगीतकारावरून दुसऱ्यावर जात राहिले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नानांच्या ओसरीवर फोन घेऊन बसले.

"मेक्सिको कुठं आलं?"

"अमेरिकेच्या खाली. तिथंही मका आणि मिरची आपल्यासारखीच खातात."

"मंग माणसं बरी असतील."

आधी त्यांना हुवेन्तिनो रोसास यांचं एक वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची धून, ऐकवलं. गरीब घरातला माणूस, सव्विसाव्या वर्षी परदेशात वारला. धून जगभर गेली, आणि लोक समजत राहिले की ती युरोपातल्या कुणा मोठ्या माणसाची आहे. नाना दोन ओळी ऐकून म्हणाले, "ही तर सर्कशीत वाजायची. तुळजापूरला, झोका सुटायच्या वक्ताला." मी चकित झाले. त्यांनी ते सहज सांगितलं आणि पुढं ऐकत राहिले.

मग मानुएल पोन्से. त्यांनी खेड्यापाड्यांतली, साध्या माणसांच्या तोंडची गाणी जमवली आणि मोठ्या सभागृहांत पियानोवर नेली. हे नानांना फार लागलं. "म्हंजे घरी येऊन लिहून न्हेली?"

"तसंच काहीसं."

"आमच्याकडं कुणी आलं न्हाय." मग थोडा विचार करून, "आलं असतं तरी त्यानं पेटीवरच लिव्हलं असतं. हिचा सूर सांडला असता त्यातनं."

आता मी मूळ माणसावर आले. हुलियान कारियो. मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या घरातलं एकोणिसावं लेकरू. विद्यार्थी असताना त्यानं व्हायोलिनच्या तारेला चाकूचं पातं लावून पाहिलं आणि दोन शेजारच्या सुरांच्या मध्ये त्याला सोळा वेगवेगळे सूर ऐकू आले. पुढचं सगळं आयुष्य त्यात गेलं. त्या सुरांसाठी त्यानं नवी लिपी केली, वाद्यं केली. वर्तमानपत्रांतून लोकांनी त्याच्याशी भांडणं केली. म्हातारपणी त्यानं जर्मनीत पंधरा पियानो बनवून घेतले, प्रत्येकाचे सूर वेगळ्या मापानं कापलेले.

"पंधरा पेट्या," नाना म्हणाले. "वाजवल्या कुणी?"

"फार कुणी नाही."

त्यांनी मान हलवली. मी उत्साहात होते, म्हणाले, "आणि नाना, या सगळ्याला त्यानं नाव काय दिलं माहीत आहे? बारा सूर संपल्यावर पुढचा, म्हणून तेरावा."

नाना भात्यावरचा हात काढून घेऊन माझ्याकडं बघत राहिले.

"तेरावा? कुणाचा?"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आपल्याकडं तेरावा म्हणजे माणूस गेल्यावरचा तेरावा दिवस.

"तसा नाही नाना. बारानंतरचा आकडा नुसता."

"आकडाच असतो त्यो." ते म्हणाले, "तेराव्यापतुर माणूस घरातच असतंय म्हणत्यात. म्या तेरा दिवस तिचं गाणं ध्यान देऊन आठवाया पायजे होतं. माणसं यायची-जायची, च्या करण्यातच गेलं."

मी त्यांना कारियोची एक रचना ऐकवली, एका बाईच्या आवाजासाठी लिहिलेली. आवाज पायरीच्याही आतल्या पायऱ्या उतरत जातो. नानांनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.

"ह्यो पक्का माणूस हाय. पर ह्यो खाली उतरतोय. तिचा सूर खालनं वर यायचा आन् तिथं थांबायचा." मग विचारलं, "त्याची बायको गात हुती का?"

मला माहीत नव्हतं.

"मंग त्याला कुणाला इचारायची गरज पडली नसंल. त्याचं त्यानंच ठरवायचं. माझं तसं न्हाय." भाता त्यांनी एकदा दाबला आणि सोडला. "तिच्यासंगं जात्याला बसलेली एकच हाय जित्ती. तामलवाडीची गजरा. तिची धाकटी भन."

"मग जाऊ या की."

"ती न्हाय म्हणली तर?"

आठ दिवस त्यांनी विषय काढला नाही. नवव्या दिवशी सकाळी ते लहान पेटी टॉवेलात गुंडाळून आमच्या दारात उभे राहिले. "गायत्री, धाराशिवची गाडी साडेआठला हाय."

धाराशिवला गाडी बदलून आम्ही तामलवाडीला उतरलो तेव्हा बारा वाजत आले होते. गजराबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा मुलगा सोलापुरात राहतो, त्या इथं एकट्या.

"दाजी? आज सूर्य कुठनं उगवला? अक्काच्या तेराव्याला दिसला ते शेवटचंच. म्हणलं भन मेली, दाजी बी मेला."

"मेलो न्हाय आजून."

"दिसतंय की."

पाणी झालं, शेंगा झाल्या. नाना पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले. शेवटी त्यांनी काही न सांगता भाता दाबला. सूर अंगणभर पसरला. गजराबाईंचे हात थांबले. भाता संपेपर्यंत त्या तशाच बसल्या.

"पुन्हा करा."

नानांनी पुन्हा केलं.

"अक्काची तिसरी ओळ," गजराबाई म्हणाल्या.

नानांनी नुसतं "व्हय" म्हटलं, तेही मला ओठांवरूनच कळलं.

"पर दाजी, ह्यो अक्काचा न्हाय. जात्याचा हाय."

"म्हंजे?"

"आमच्या माहेरी येडशीला आईचं जातं हुतं. त्याची वरची तळी एका अंगाला जड जायाची. दोघी खुट्याला धरून फिरवायचो, आन् तिसऱ्या ओळीला बरोब्बर त्या जड जागंवर यायचो. ओढायला जोर लागायचा, गळा दबायचा. वर जाया निघालेला सूर मधीच अडकायचा. माझा बी तसाच. आई म्हणायची, दोघी बी बेसूर. अक्काला ती सवय लागली, ती सासरी घिऊन आली."

त्या गाऊ लागल्या. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. तिसरीच्या शेवटी आवाज सरळ पांढरी एकवर गेला. त्यांनाच ते पटलं नाही. त्या पुढं सरकल्या, एक पाय लांब केला, एक दुमडला, आणि समोर खुटा असल्यासारखे दोन्ही हात फिरवू लागल्या. पुन्हा तिसरी ओळ आली. खांदा पुढं गेला, मान ताठ झाली, आणि सूर त्या दोन पांढऱ्यांच्या मध्ये येऊन थांबला. नानांनी त्याच क्षणी भाता दाबला. दोन आवाजांत केसाएवढंही अंतर नव्हतं. सूर जरा वेगळे असले तर एकत्र वाजताना आवाज लाटेसारखा हलतो, हे मी शिकले आहे. इथं काहीच हललं नाही.

मी फोन काढला. गजराबाईंनी पदर तोंडावर घेतला. "त्यात घालू नगंस बाई मला."

नाना पेटीकडं बघत होते. "पन्नास वरसं मला वाटायचं, तिचा हाय," ते म्हणाले. "मंग तिचं काय ऱ्हायलं माझ्यापाशी? आईच्या जात्याचं वजन."

"तेच घिऊन ती तुमच्याकडं आलती, दाजी. दुसरं हुतं काय आमच्या घरात?"

मग गजराबाईंनी सुपातल्या शेंगा बाजूला केल्या.

"खुट्याला दुसरी बाई असल्याबिगर ओवी हुत न्हाय. आज किती वरसानं म्हणली." त्यांनी पेटीच्या लाकडावर बोट ठेवलं. "हे ठिवून जावा की माझ्यापाशी. म्या म्हणीन ह्याच्यासंगं."

त्यांचं मागणं खरं होतं, मला ते ऐकतानाच समजलं. नानांनाही समजलं असणार, कारण त्यांनी पेटी मांडीवरून उचलून दोघांच्या मध्ये ठेवली. तिथं ती थोडा वेळ राहिली. मग त्यांनी टॉवेल घेतला आणि ती परत गुंडाळायला लागले.

"न्हाय गजरा. तुझ्या दंडात हाय त्यो. हात फिरिवलास की येतोय. माझ्याकडं ह्याच्याबिगर न्हाय."

गजराबाईंनी वाद घातला नाही. शेंगांची पिशवी भरून माझ्या हातात दिली आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. सोलापूरकडून गाडी येईपर्यंत त्या उभ्या होत्या.

"येत जावा," त्या म्हणाल्या.

"बघू," नाना म्हणाले.

गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं पिशव्या खाली ठेवायला सांगितलं. मी शेंगांची पिशवी ठेवली. नानांनी पेटी मांडीवरच धरून ठेवली आणि तिकिटाचे पैसे काढायला मला सांगितलं, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.