यवतमाळची माल-खरेदी आणि खाली उभी असलेली बाई

दिग्रसहून यवतमाळला ठोक कपडे आणायला जायचं असेल, तर आधीच सांगते: एकट्यानं जाऊ नका. मी गेले. मला अक्षरं येत नाहीत. मी फोनवर सांगते आणि नात पुण्यात बसून टाइप करते. माझं मले-तुले तिनं सुधारलंय, म्हणून इथे मी एवढी शहाणी वाटते.

आमचं दिग्रसला बायकांच्या कपड्यांचं लहान दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि नजमाचं. पोरी त्याला बुटीक म्हणू लागल्या, तेव्हा आम्ही फक्त आरसा मोठा घेतला. नजमाचा मुलगा जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करायचा. कापसाचं बिघडलं, जिनिंग थंडावली, तो हैदराबादला गेला आणि उन्हाळ्यात आईलाही घेऊन गेला. मागे उरले मी, आरसा आणि न खपलेले गाऊन. कापसाला भाव नसला की बायका येतात, कापडावरून हात फिरवतात आणि "पुढच्या बाजाराले येतो" म्हणतात.

माझा मुलगा म्हणतो, दुकान बंद कर, पुण्याला ये. मी त्याला शब्द दिला की दिवाळीचा उरलेला माल परत घेणारा व्यापारी मिळाला तर दुकान राहील, नाही तर मी येते. त्यानं लगेच माझ्यासाठी खोली रंगवायला काढली. एवढा भरवसा!

सकाळची एसटी धरली. म्हाताऱ्या माणसाला तिकीट अर्धं, पण वाटेतल्या दारव्ह्यापर्यंतचे खड्डे पूर्ण. खिडकीची जागा मिळाली. मिळणारच, तिच्यासाठी भांडणारी नजमा नव्हती ना. पाटी वाचता येत नाही, म्हणून कंडक्टरला विचारलं, "हे दारव्ह्यालेच जाते ना?"

"आजी, बसल्यावर इचारता?"

"मंग काय उतरल्यावर इचारू?"

मागची बाई हसली. नंतर दारव्ह्यापर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.

दारव्ह्याला स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. गरम होता, दोघींत एक पुरायचा, आता एकटीला संपेना. आमचा जुना व्यापारी तिथलाच. त्यानं गठ्ठे सोडलेच नाहीत. "आजी, यंदा मलेच वरून कोनी सवलत देऊन नाही राह्यलं. गेलेला माल परत घेनं जमत नाही." खरं बोलला, म्हणून राग आला नाही. पुढची गाडी धरली.

यवतमाळच्या बाजारात ठोकवाले वरच्या मजल्यावर बसतात. चपला काढायच्या, पांढऱ्या गादीवर बसायचं आणि समोर गठ्ठे सुटतात. एकेक नग निवडता येत नाही, चार रंगांचा सेट घ्यावा लागतो. त्यात एक रंग असा असतो, की तो गिऱ्हाईक सोडा, म्हशीलाही आवडणार नाही. हा शेठ नवा होता. माल बरा होता, भावही ठीक होता. परत घेण्याचं काढलं तेव्हा मात्र त्यानं मान हलवली.

आता आमची रीत सांगते. मालात खोट मी काढायची, चिडून उठायचं, जिना उतरायचा. तेवढ्यात नजमा वरून हाक मारायची, "अरे रुको बाई, भाईसाब मान गये!"

तर मी म्हटलं, "रंग जाते याचा. राहू द्या शेठ, चालली मी." ताडताड जिना उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले.

वरून हाक आली नाही.

रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या. रुसून तर बसले, पण समजूत घालणारी हैदराबादला! इथून तशीच गेले असते, तर सरळ पुण्याच्या रंगवलेल्या खोलीत. बराच वेळ कठडा धरून उभी राहिले. मग चढले.

"शेठ, ते बाई तापट हाये. मनावर घेऊ नका. म्या समजावलं तिले."

शेठनं माझ्या मागे पाहिलं. "कोन बाई?"

"खाली उभी हाये. म्हनते, उरलं ते परत घ्यान तरच वर येतो."

"अन् तुम्ही काय म्हनता, आजी?"

"मी म्हनतो, शेठ भला मानूस हाये."

त्यानं मिशीत हसू दाबलं. घडी न मोडलेला माल दिवाळीनंतर परत घेईन म्हणाला, सेट मात्र फोडणार नाही. मग चहा मागवला. दोन. "त्या बाई येईपर्यंत तुम्ही सांभाळा," म्हणाला. माझा मी प्यायले. दुसऱ्यावर साय धरली.

परतीला माझं तिकीट अर्धं, गठ्ठ्याचं पूर्ण. घरी येऊन माल मांडला. पुढे कोणता लावू, हे विचारायला वळले, तर आरशात मीच. मुलाला कळवलं, त्या खोलीत गहू ठेव.

मग नजमाला फोन लावला. सगळं ऐकून ती खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "और मेरी चाय?"

"थंडी झाली. मीच पेली."

फोनमध्ये हैदराबादचे हॉर्न ऐकू येत होते.

"शेठनं दिवाळीनंतर दोघींले बोलावलं हाये," मी म्हटलं. "काय सांगू त्याले?"

"बोल दे," नजमा म्हणाली, "नीचेच खडी है."